नदीखोऱ्यातल्या निसर्गसेवा: पुरवठा किती, मागणी किती, मेळ कसा घालायचा? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इकोसिस्टम सर्व्हिसेसचा पुरवठा आणि मागणी या विषयावर तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकत्र करून टाकतोय. ओळीने वाचायलाच पाहिजे असं काही नाही, पण हिशोबाचं उदाहरण आहे तो प्रश्न सोडू नका, पुढची बरीच उत्तरं त्याच्यावर उभी आहेत.

इकोसिस्टम सर्व्हिसेस म्हणजे नक्की काय?

जंगल, गवताळ माळ, पाणथळ जागा, माती, नदी हे सगळं मिळून माणसासाठी जी कामं करतं ती. पावसाचं पाणी जिरवून सावकाश सोडणं, माती धरून ठेवणं, पुराचं पाणी पसरवून त्याचा जोर कमी करणं, घाण पाणी गाळणं, मासे, लाकूड, परागीभवन, कार्बन साठवणं, शिवाय नदीकाठी जाऊन बसलं की बरं वाटतं तेही यातच धरतात. 2005 ला मिलेनियम इकोसिस्टम असेसमेंट या संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या जागतिक अभ्यासाचे रिपोर्ट आले, त्यात जगभरातल्या 24 सेवा तपासल्या होत्या आणि त्यातल्या 15 खालावतायत किंवा टिकणार नाहीत अशा पद्धतीने वापरल्या जातायत असं निघालं. तिथून हा विषय सरकारी फायलींमध्ये शिरला असं म्हणायला हरकत नाही.

पुरवठा समजला, पण मागणी कशाला म्हणायचं? निसर्गाकडे ऑर्डर कोण देतं?

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पिण्याचं पाणी, सिंचन, मासे यांची मागणी सोपी आहे, किती वापरतो ते मोजायचं. पण पुरापासून संरक्षण घ्या, त्याची मागणी कुणी नोंदवत नाही, ती असते पुराच्या रेषेत किती घरं, किती माणसं, किती शेती, किती हॉस्पिटलं आहेत यात. म्हणजे पूरमैदानात नवी कॉलनी उभी राहिली की त्या दिवशी मागणी वाढली, वर जंगल तेवढंच असलं तरी. तिसरा प्रकार म्हणजे लोकांची आवड, जसं की फिरायला हिरवी जागा घरापासून किती लांब असावी, हे सर्व्हे करूनच कळतं.

अजून एक, निसर्ग जास्तीत जास्त किती देऊ शकतो, प्रत्यक्षात किती वापरलं जातं आणि लोकांना किती हवंय हे तीन वेगळे आकडे आहेत. डोंगरातल्या निर्मनुष्य पाणथळीत पाणी गाळायची ताकद भरपूर असेल, पण तिच्यात घाण पाणी येतच नसेल तर ती ताकद नुसती पडून आहे.

जिल्हा किंवा राज्य धरून हिशोब का नाही करायचा, खोरंच का?

कारण नदीकाठच्या बहुतेक सेवांना दिशा असते. कार्बनचं ठीक आहे, झाड कुठेही लावा, हवा सगळ्यांची एकच. परागीभवन मधमाशी उडेल तेवढ्याच अंतरात चालतं. पण पूर अडवणं, गाळ धरणं, पाणी स्वच्छ करणं हे वरून खालीच जातं, उताराच्या उलट नाही. शहराच्या खालच्या अंगाला कितीही मोठं जंगल असलं तरी त्या शहराचा पूर ते कमी करणार नाही, हे ऐकायला फारच साधं वाटतं पण नकाशे बनवताना सर्रास विसरलं जातं, जिल्ह्यात जंगल किती टक्के आणि लोकसंख्या किती एवढं भागिलं आणि झाला रिपोर्ट. एक जिल्हा तीन उपखोऱ्यांत विभागलेला असतो, त्यातल्या एकातलं जंगल दुसऱ्यातल्या गावाच्या काही कामाचं नसतं, तरी सरासरीत सगळं हिरवंगार दिसतं.

म्हणून नकाशावर तीन गोष्टी वेगळ्या दाखवा: सेवा तयार कुठे होते, वापरली कुठे जाते आणि मधला रस्ता कोणता. तो रस्ता म्हणजे ओढे, उपनद्या, भूजल. मधे धरण, कालवा, काँक्रीटचा नाला आला की रस्ता तुटतो किंवा वळतो आणि वरच्या चांगल्या कामाचा खालच्याला फायदाच पोचत नाही.

प्रत्यक्ष हिशोब कसा करतात? एखादं उदाहरण द्या ना.

पाण्याचंच घेऊ, आकडे समजण्यापुरते आहेत. समजा 100 चौरस किलोमीटरचं एक उपखोरं आहे. वर्षाचा पाऊस 900 मिमी, त्यातले 600 मिमी बाष्पीभवन आणि झाडाझुडपांच्या श्वासातून उडून जातात. उरले 300 मिमी. 100 चौरस किमी म्हणजे 10 कोटी चौरस मीटर, गुणिले 0.3 मीटर, झालं 3 कोटी घनमीटर. हा पुरवठा.

आता मागणी. दोन लाख लोक, माणशी दिवसाला 100 लिटर, म्हणजे दिवसाला 20 हजार घनमीटर आणि वर्षाला 73 लाख. सिंचनाखाली अडीच हजार हेक्टर, हेक्टरी 6 हजार घनमीटर धरलं तर दीड कोटी. एकूण 2 कोटी 23 लाख. पुरवठ्याला मागणीने भागलं तर रेशो 1.3 च्या वर येतो, 77 लाख शिल्लक, सगळे खूश.

थांबा पण. नदीत नदी म्हणून वाहायला काही पाणी सोडायचं की नाही? 30 टक्के सोडायचं ठरवलं तर 90 लाख गेले आणि शिल्लक होती 77 लाखांची, म्हणजे 13 लाखांची तूट. एक ओळ धरली की नाही धरली एवढ्यावर खोरं हिरव्यातून लाल होतं. आणि रिपोर्टमध्ये ती ओळ धरलीये का हे बहुतेक वेळा तळटीपेत असतं किंवा नसतंच.

उलट बाजूचीही एक सूट यात आहे. उचललेलं सगळं पाणी संपत नाही, घरातलं बरंचसं सांडपाणी म्हणून परत येतं, शेतातलं थोडं झिरपून विहिरीत किंवा नदीत येतं. त्यामुळे उचल आणि खप वेगळे लिहा, नाहीतर एकाच पाण्याची मागणी वरच्या गावात आणि खालच्या गावात दोनदा मोजली जाते. फक्त परत येणारं पाणी कुठल्या अवस्थेत येतं हे बघा, ते घाण असेल तर ते साफ करायची मागणी खालच्या भागावर नव्याने चढते.

रेशो एकच्या वर आला म्हणजे बॅलन्स झाला ना?

नाही. वरच्याच उदाहरणात 3 कोटीपैकी 80 टक्के पाणी चार महिन्यांत वाहून गेलं तर उरलेल्या आठ महिन्यांना फक्त 60 लाख मिळतात, आणि मागणी महिन्याकाठी सारखी धरली तरी त्या आठ महिन्यांना दीड कोटीच्या आसपास पाणी लागतं. साठवण नसेल, जमिनीत जिरवण नसेल तर वर्षाचा रेशो निव्वळ कागदावर छान. महिन्यानुसार करा, निदान ओला-कोरडा असे दोन भाग तरी करा.

जागेचंही तसंच. चीनची पिवळी नदी हे याचं धडधडीत उदाहरण आहे, 1972 पासून तिचा खालचा भाग अधूनमधून कोरडा पडायला लागला आणि 1997 ला तर 226 दिवस खाली पाणी पोचलंच नाही. वर आणि मधल्या भागात कालव्यांना पाणी मिळत होतं. प्रांतांमध्ये वाटप ठरलेलं होतं 1987 पासून, पण त्यावर खरी पकड आली 1999 ला संपूर्ण नदीचं नियमन एकत्र केल्यावर, आणि त्यानंतर तसं कोरडं पडणं थांबलं. पाऊस काही एकदम वाढला नव्हता.

डेटाच नसेल तर?

तर मॅट्रिक्स पद्धत आहे. एका बाजूला जमिनीचे प्रकार (जंगल, शेती, वस्ती, पाणथळ वगैरे), दुसऱ्या बाजूला सेवा, आणि प्रत्येक चौकटीत 0 ते 5 गुण, पुरवठ्याचे वेगळे आणि मागणीचे वेगळे, वजाबाकी केली की बजेट. जाणकार लोक एका टेबलाभोवती बसवून दोन दिवसांत होते, सुरुवातीला चर्चा पेटवायला उत्तम. पण जंगल म्हणजे 5 असं एकदा लिहिलं की दाट जुनं जंगल आणि एकाच जातीची लागवड दोघांनाही 5 मिळतात, तिथे घोळ.

पुढची पायरी मॉडेलची. इन्व्हेस्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर यासाठी बरंच वापरतात, त्यात पाणी, गाळ, नायट्रोजन-फॉस्फरस, कार्बन यांची वेगवेगळी मॉड्यूल आहेत. पाऊस, माती, उंची, जमीनवापर एवढे नकाशे लागतात. फक्त आलेला आकडा नदीवरच्या एखाद्या तरी मोजणी केंद्राशी ताडून बघा, न ताडता रंगीत नकाशा छापणं म्हणजे सजावट झाली.

माती धरून ठेवण्याच्या सेवेत मागणी म्हणून काय धरायचं?

पुरवठा म्हणजे जमीन उघडी असती तर किती माती गेली असती, वजा आत्ता खरंच किती जाते. मागणी म्हणून बरेच अभ्यास आत्ता होणारी धूप धरतात, की बाबा ही थांबायला हवी होती. चालतं, पण मला ते अर्धवट वाटतं, कारण मग खाली धरण आहे की नाही, गाळाने कुणाचं नुकसान होतंय की नाही याचा पत्ताच नाही. खाली जलाशय असेल तर त्याच्या साठवणीवर किती गाळ परवडतो ते मागणीत यायला हवं. आणि गाळ सगळीकडे शत्रू नसतो हेही लक्षात असू द्या, मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश गाळावरच उभा असतो, वर सगळा अडवला तर तिथली जमीन खचते आणि समुद्र आत येतो. आस्वानच्या धरणानंतर नाईलच्या मुखाशी किनारा झिजायला लागला तो यामुळेच.

झाडं लावली की पाणी वाढतं, मग पुरवठा वाढवायला सरसकट झाडं लावू या का?

हा प्रश्न दर वेळी येतो आणि उत्तर आवडत नाही कुणाला. झाड पाणी पितं, आणि वर्षाकाठी नदीत येणारं एकूण पाणी नव्या लागवडीने बहुतेक ठिकाणी कमी होतं. जंगल जे करतं ते वेगळं आहे: माती पोकळ ठेवतं, जिरवण वाढवतं, गाळ कमी करतं, लहान-मध्यम पुराचा कळस उतरवतं, पाणी स्वच्छ ठेवतं. माती अगदीच दगडासारखी झालेली असेल तर झाडांमुळे जिरवण वाढून कोरड्या दिवसातला प्रवाह सुधारूही शकतो, आणि धुक्याच्या डोंगरातलं जंगल पानांवर धुकं गोळा करून पाणी वाढवतं, पण हे अपवाद तपासून सांगायचे, गृहीत धरायचे नाहीत.

चीनच्या लोएस (वाऱ्याने आणलेल्या भुसभुशीत मातीच्या) पठारावर 1999 पासून उताराची शेती सोडून झाडं-गवत लावायचा प्रचंड मोठा कार्यक्रम झाला, धूप खूप कमी झाली, पिवळ्या नदीतला गाळ उतरला, आणि 2016 च्या एका अभ्यासात दिसलं की लागवड आता तिथल्या पाण्याच्या मर्यादेला भिडत आलीये, यापुढे वाढवली तर माणसांना पाणी कमी पडेल. दक्षिण आफ्रिकेने तर 1995 पासून उलटं केलं, पाणलोटातली बाहेरून आलेली पाइन, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ तोडायला लोकांना रोजगार दिला, कारण ती झाडं नदीचं पाणी खात होती. एकीकडे लावा, एकीकडे तोडा, दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

मग सगळ्या सेवा एकाच वेळी वाढवता येतच नाहीत का?

काही जोडीने वाढतात, जसं माती धरणं, पाणी स्वच्छ राहणं आणि कार्बन. काहींची ओढाताण ठरलेली. धान्याचं उत्पादन वाढवलं की खत वाढतं आणि पाण्याची गुणवत्ता घसरते, धरणाने पाणीपुरवठा आणि वीज मिळते पण माशांचा रस्ता आणि गाळ अडतो. चीनच्या यांगत्से नदीत तर मासे इतके घटले की 1 जानेवारी 2021 पासून मुख्य प्रवाहात दहा वर्षांसाठी मासेमारीच बंद केली, म्हणजे एका सेवेचा वापर शून्यावर आणला, तिचा पुरवठा परत यावा म्हणून. त्याची किंमत मोजली मच्छीमारांनी, त्यांना दुसरं काम शोधावं लागलं. कुठली सेवा किती हे शेवटी राजकारणच आहे, मॉडेल फक्त किंमत दाखवतं.

वरच्या गावांनी खालच्या शहरासाठी जंगल का सांभाळायचं?

बरोबर विचारलंत. फुकटात का सांभाळायचं? शेती वाढवली, खत टाकलं, कारखाना आणला तर पैसे त्यांना मिळतात आणि घाण खाली जाते. जंगल ठेवलं तर फायदा खाली आणि तोटा वर. हे जुळवायला जे करार होतात त्यातले तीन माहीत असलेले बरे.

न्यूयॉर्क शहराचं बहुतेक पाणी दूरच्या कॅट्सकिल आणि डेलावेअरच्या डोंगरी पाणलोटातून येतं. नव्वदच्या दशकात प्रश्न आला की गाळण प्रकल्प बांधायचा का, अंदाज होता 6 ते 8 अब्ज डॉलरचा. 1997 ला त्याऐवजी वरच्या गावांशी करार झाला: शहर पैसे देणार, शेतकरी जनावरांचं शेण-मूत ओढ्यापासून लांब ठेवणार, जुन्या सेप्टिक टाक्या दुरुस्त होणार, आणि जमीन घ्यायची तर विकायला तयार असलेल्याकडूनच. खर्च प्रकल्पाच्या मानाने कितीतरी कमी. तो करार सोपा नव्हता बरं का, वरच्या लोकांचा शहरावर जुना राग होता, धरणांसाठी त्यांची गावं गेली होती.

दुसरा शिनआन नदीचा, चीनमधला. वर आन्हुई प्रांत, खाली झेजियांग. 2012 पासून सीमेवर पाणी मोजतात, परमँगनेट निर्देशांक (पाण्यातली सेंद्रिय घाण दाखवणारा), अमोनिया नायट्रोजन, एकूण नायट्रोजन आणि एकूण फॉस्फरस, या चारांचा मिळून एक आकडा काढतात, आधीच्या वर्षांच्या सरासरीशी तुलना करून. पहिल्या तीन वर्षांच्या करारात आकडा 1 किंवा कमी आला, म्हणजे पाणी बिघडलं नाही, तर झेजियांगने आन्हुईला 10 कोटी युआन द्यायचे, 1 च्या वर गेला तर आन्हुईने झेजियांगला. केंद्राने पहिल्या तीन वर्षांत वरून दर वर्षी 30 कोटी घातले. मला यातलं आवडतं ते हे की पैसा दोन्ही बाजूंना वाहू शकतो, त्यामुळे वरचाही मोजणीवर लक्ष ठेवतो आणि खालचाही.

तिसरा क्विटोचा, म्हणजे इक्वेडोरच्या राजधानीचा, 2000 साली पाण्याचा कायमस्वरूपी फंड काढला, शहराची पाणी कंपनी आपल्या उत्पन्नातला ठरावीक टक्का त्यात टाकते आणि त्यातून वरच्या पारामो या अँडीज डोंगरातल्या उंच गवताळ प्रदेशाची राखण होते. दर वर्षी कुणाच्या मर्जीवर अवलंबून राहावं लागत नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट.

पैसे दिले म्हणजे काम होतंच का?

होतंच असं नाही. जिथे कुणी जंगल तोडणारच नव्हतं तिथे पैसे दिले तर नवं काहीच मिळालं नाही. एका डोंगरावर बंदी घातली की तोड शेजारच्या डोंगरावर सरकते. ज्याच्या नावावर सातबारा किंवा तत्सम कागद नाही त्याला मोबदला मिळत नाही, आणि वरच्या भागात नेमके असेच लोक जास्त असतात. शिवाय रक्कम पिकाच्या उत्पन्नापेक्षा फारच कमी असेल तर फक्त पडीक जमिनी योजनेत येतात. कोस्टा रिकाने 1997 पासून देशभर जंगल राखणाऱ्यांना पैसे द्यायचा कार्यक्रम चालवला, इंधनावरच्या करातून पैसा उभा केला, आणि सुरुवातीला नेमक्या याच अडचणी आल्या म्हणून पुढे जागा निवडण्याचे निकष कडक करत नेले.

नदीकाठी झाडा-गवताचा पट्टा राखला, तरी पाण्यातलं नायट्रेट कमी होत नाही. का?

शेतात जमिनीखाली निचऱ्याचे पाइप आहेत का ते आधी बघा. पट्टा काम करतो ते वरून वाहणारं पाणी गवतात मंदावतं, गाळ आणि त्याला चिकटलेला फॉस्फरस खाली बसतो, आणि उथळ भूजल मुळांच्या ओल्या थरातून सावकाश जाताना तिथले जिवाणू नायट्रेटचं वायूत रूपांतर करतात. पाइप असेल तर पाणी पट्ट्याच्या खालून थेट नदीत पडतं, गवताला भेटतच नाही. मग पाइपचं तोंड नदीत न सोडता छोट्या पाणथळीत सोडावं लागतं. दुसरं कारण वेळेचं, भूजलात आधीच मुरलेलं नायट्रेट बाहेर यायला वर्षंच्या वर्षं, कधी दशकं लागतात, त्यामुळे दोन वर्षांत निकाल मागणारा अधिकारी असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा.

मागणी कमी करणं हा बॅलन्स झाला की रडीचा डाव?

बॅलन्सच, आणि बहुतेकदा तोच स्वस्त. पाइपगळती, पीकपद्धत, सांडपाण्याचा पुनर्वापर हे सगळ्यांना माहीत आहे. पुराच्या बाबतीत नेदरलँड्सने केलं ते बघण्यासारखं आहे: 1993 आणि 1995 ला नद्या धोक्याच्या पातळीला आल्या, 1995 ला अडीच लाखांच्या आसपास लोक हलवावे लागले, आणि त्यानंतर बांध उंच करत बसण्यापेक्षा नदीला जागा द्यायचं ठरलं. नायमेखेनजवळ तर बांध 350 मीटर मागे घेतला आणि शेजारून नदीचा नवा फाटा खोदला, काही घरं पाडावी लागली. पूरमैदानाचा पुरवठा वाढला आणि धोक्यात असलेली घरं कमी झाली, एकाच कामात दोन्ही बाजू.

एक इशारा मात्र. ठिबक आलं की पाणी वाचतं असं धरू नका, वाचलेल्या पाण्यावर अजून जमीन ओलिताखाली येते आणि पूर्वी झिरपून नदीत परतणारं पाणी बंद होतं, मग खोऱ्याचा खप वाढलेला दिसतो. उचलीवर मर्यादा घातली तरच बचत नदीपर्यंत पोचते.

दुसऱ्या खोऱ्यातून पाणी आणलं तर तूट भरली ना?

इथली भरली, तिथली वाढली. दोन्ही खोरी एका हिशोबात घ्या. बाहेरून येणाऱ्या धान्याचंही तसंच, ते पिकवायला लागलेलं पाणी कुठल्या तरी नदीचंच होतं.

सगळं पैशात का नाही मोजत, सोपं पडेल.

मोजतात की. 1997 ला नेचर या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका गाजलेल्या पेपरने जगातल्या 17 सेवांची किंमत वर्षाला सरासरी 33 लाख कोटी डॉलर काढली होती. लक्ष वेधायला तो आकडा कामाचा होता, पण खोऱ्याच्या नियोजनात मी तरी घनमीटर, टन, माणसं यांच्यातच बोलतो, कारण पैशात आणलं की श्रीमंत वस्तीचं पूरसंरक्षण आपोआप जास्त मोलाचं ठरतं, तिथली घरं महाग असतात म्हणून.

किती बारीक नकाशा करायचा?

निर्णय ज्याच्या हातात आहे त्याच्या पातळीचा. पिक्सेल (नकाशातला एकेक बारीक चौकोन) पातळीवर बघितलं तर सगळीकडे तूट दिसते (शहराच्या पिक्सेलमध्ये धान्य कुठून पिकणार), अख्ख्या खोऱ्यावर बघितलं तर सगळं जुळलेलं दिसतं. उपखोरं ही मधली पातळी बहुतेक वेळा उपयोगी पडते.

आमच्याकडे पैसे आणि माणसं कमी आहेत, सुरुवात कुठून करू?

सगळ्या सेवा घेऊ नका, दोन-तीन घ्या, ज्यांच्यावरून खरोखर भांडण आहे त्या. उपखोऱ्यांच्या सीमा आखा, प्रत्येकाच्या तोंडाशी पाणी मोजायची सोय आहे का बघा, नसेल तर पहिला खर्च त्यावर करा, कारण मोजणीशिवाय वर-खाली करार टिकत नाही, दोघंही आपापले आकडे घेऊन येतात. मग कोरड्या महिन्यांचा आणि पुराच्या महिन्यांचा हिशोब वेगवेगळा मांडा, नदीसाठी सोडायचं पाणी पहिल्या ओळीत लिहा. वरच्या गावांना बैठकीला बोलवायचं ते नकाशा पूर्ण व्हायच्या आधी, नंतर नाही. आणि जमीनवापराचा नकाशा दर पाचेक वर्षांनी नवा करा, पूरमैदानात बांधकाम वेगाने चालू असेल तर त्याहून लवकर.